निर्व्यसनी माणसाचे यकृत

आपल्या व्यापारी समाजास निर्व्यसनीपणाचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पेढीची पत कशावर उभी असते असे विचारले, तर आमचे वाडवडील दोनच गोष्टी सांगत: तोंडचा शब्द आणि घरचा आचार. मद्य नाही, मांस नाही, कित्येक घरांत तर सूर्यास्तानंतर अन्नही नाही. अशा घरात यकृताचा विकार शिरला, तर तो कोणत्या दाराने शिरला असावा, ह्याचा शोध घेण्याची पाळी प्रस्तुत लेखकावर दोन वर्षांपूर्वी आली. त्या शोधात जे हाती लागले ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रसंग साधा होता. आरोग्य विम्याच्या कामासाठी एका तपासणी केंद्रात पोटाची सोनोग्राफी करून घेण्यास गेलो होतो. यंत्र पोटावरून फिरवता फिरवता तेथील तरुण डॉक्टर पडद्याकडे पाहत सहजपणे म्हणाले, "काका, ड्रिंक्स किती वर्षांपासून घेता?" मला प्रथम प्रश्नच कळला नाही, कळला तेव्हा कानशिले तापली. "आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी थेंब घेतलेला नाही," असे मी जरा चढ्या स्वरातच सांगितले. ते ओशाळले, पण अहवालावर लिहावयाचे ते त्यांनी लिहिलेच: यकृतात मेदवृद्धी, प्रत दुसरी. मग यंत्र पुसून ठेवीत त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "मग थंड किती घेता? बाटलीतले?"

ह्या प्रश्नाला मात्र मजपाशी चढ्या स्वरातले उत्तर नव्हते.

आमचे दुकान बेळगावात, कापडाचे. लग्नाचा बस्ता बांधण्यास गोव्याकडून, चंदगडकडून, खानापूरकडून मंडळी येतात. एका बस्त्याला पंधरा-वीस माणसे. त्यात वरमाय रुसलेली, मामा घाईत, मुले कंटाळलेली. अशा मंडळींना चार तास गादीवर धरून ठेवावयाचे तर अर्धे काम साडी करते आणि अर्धे काम आदरातिथ्य करते. वडिलांच्या काळी हे काम तांब्याभर पाणी, चहा, आणि फारच मोठे गिऱ्हाईक असले तर कोपऱ्यावरून आणलेला गोटी सोडा ह्यांवर भागे. ह्या गोटीच्या बाटलीचे पेटंट हायरम कॉड नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८७२ साली घेतले होते. आतला साधा सोडा म्हणजे बुडबुड्यांचे पाणीच. त्यात साखरेचा पाक ओतला नाही, तर तो यकृताला अपाय करीत नाही. पुढे काचेच्या बाटलीतली रंगीत पेये आली. १९७७ साली कोकाकोला कंपनी देश सोडून गेली, १९९३ साली परत आली. ह्या मधल्या वर्षांत देशी पेयांनी गल्लीबोळ काबीज केले, आणि नंतर देशी व परदेशी दोन्ही मिळून प्रत्येक दुकानात शीतपेटी उभी राहिली. "थंड की गरम?" हा प्रश्न आपल्या पेठेत आता नमस्काराइतकाच रूढ झाला आहे. आणि गिऱ्हाइकाला थंड दिले म्हणजे त्याच्या सोबतीला मालकानेही एक बाटली तोंडाला लावणे हा शिष्टाचार. लग्नसराईत मी हा शिष्टाचार दिवसातून किती वेळा पाळीत होतो, ते येथे न लिहिलेले बरे.

तथापि आपण व्यापारी आहोत. तेव्हा जमाखर्च मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये. लग्नसराई सोडून देऊ व एक साधा दिवस घेऊ. दिवसभरात अर्धा अर्धा कप मिळून पाच वेळा चहा, प्रत्येकात दोन लहान चमचे साखर, म्हणजे सुमारे ८ ग्रॅम. एकूण ४० ग्रॅम. दुपारी ३०० मिलीलिटरची कोलाची एक बाटली. तीत दर १०० मिलीलिटरला साडेदहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. संध्याकाळी आंब्याचे पेय किंवा कोकम सरबत एक पेला. त्याचे धरा २४ ग्रॅम. बेरीज झाली ९६ ग्रॅम. वर्षाचे ३६५ दिवस ह्याच हिशेबाने गेले, तर ३५ किलो साखर केवळ पिण्यातून पोटात गेली. आपल्यापैकी जे साखरेचे घाऊक व्यापारी आहेत त्यांना पन्नास किलोचे पोते डोळ्यांसमोर आणण्यास सांगावे लागणार नाही. श्रीखंड, पुरणपोळी, पेढे ह्यांची नोंद ह्या खात्यात नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अशा वरून घातलेल्या साखरेची मर्यादा एकूण आहार-ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले, आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत. हा दुसरा आकडा प्रौढ माणसास दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे वर्षाला नऊ किलोच्या जवळपास येतो. कुठे नऊ आणि कुठे पस्तीस!

आता ही साखर यकृतातच का जाऊन बसते, हे समजून घेतले पाहिजे. यकृत हे सुमारे दीड किलो वजनाचे, उजव्या बरगडीखाली बसलेले आपल्या शरीरातील मोठे अडत-दुकान होय. आतड्यात पचलेला माल एका मोठ्या रक्तवाहिनीने प्रथम तेथेच उतरतो. तेथून वाटप होते. आपली नेहमीची साखर दोन शर्करांची जोडी आहे: निम्मी द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, आणि निम्मी फलशर्करा, म्हणजे फ्रुक्टोज. द्राक्षशर्करेला गिऱ्हाईक सर्वत्र आहे. मेंदू, स्नायू, हृदय, सारेच ती उचलतात. शिवाय यकृतात तिच्या वाटेवर एक जकात नाकाच आहे: साठा पुरेसा झाला की तो नाका आवक मंद करतो. फलशर्करेची गोष्ट निराळी. तिचे मुख्य गिऱ्हाईक एकटे यकृत, आणि तिची वाट ह्या नाक्याला वळसा घालून जाते. येईल तेवढा माल आत घ्यावयाचा आणि उरेल त्याचे रूपांतर मेदात करून साठवावयाचे, असा तेथील व्यवहार. ह्या उलाढालीत मूत्राम्ल, ज्याला डॉक्टर यूरिक ॲसिड म्हणतात, तेही वाढते; सांधे धरणाऱ्या बंधूंनी हे ध्यानात घ्यावे.

मग फळे खाऊ नयेत काय? असा अर्थ कोणी काढू नये. सबंध फळात फलशर्करा थोडी, चोथा पुष्कळ, आणि चावून खाण्यास वेळ लागतो. त्यामुळे माल सावकाश उतरतो. बाटलीतून मात्र तो एका दमात, पाण्यात विरघळलेला, चोथ्याच्या अडथळ्याशिवाय येतो. शिवाय पिऊन पोट भरल्यासारखे वाटत नाही. जेवण तेवढेच जाते.

माणसाच्या यकृतात असा मेद साठविता येतो, ह्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही, कारण दुसऱ्या प्राण्यांच्या बाबतीत ही विद्या फार जुनी आहे. प्राचीन रोमन लोक हंसजातीच्या पाळीव पक्ष्यांना अंजिरे चारून त्यांचे यकृत फुगवीत; यकृताला असलेला इटालियन व फ्रेंच शब्द त्या अंजिरापासूनच आलेला आहे. आजही फ्रान्समध्ये नळीने धान्य कोंबून हा प्रकार चालतो. अहिंसाधर्मी वाचकांना हे वाचून क्लेश होतील, म्हणून एवढेच सांगतो की भारत सरकारने २०१४ साली अशा यकृताच्या आयातीवर बंदी घातली. पक्ष्याला जे बळजबरीने भरविले जाते ते आपण पदरचे पैसे देऊन, वर बर्फ घालून घेतो, एवढाच काय तो फरक.

आता ह्या विकाराच्या नावाविषयी. मद्यपी माणसाच्या यकृतात मेद, मग दाह, मग व्रण साचून सिऱ्होसिस, हा क्रम वैद्यांना पूर्वीपासून माहीत होता. त्यामुळे न पिणाऱ्या माणसाने "मी पीत नाही" असे सांगितले, तर डॉक्टर मनात हसत असावेत. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील युर्गेन लुडविग व त्यांचे सहकारी ह्यांनी अशा २० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली; त्यांचे यकृत सूक्ष्मदर्शकाखाली थेट मद्यप्याचे वाटावे, पण ते मद्यपी नव्हते. ह्या अवस्थेला त्यांनी प्रथम नाव दिले. पुढे चाळीस वर्षे तो विकार 'मद्येतर' म्हणून ओळखला गेला. नकारावर उभे असलेले नाव गैरसोयीचे, म्हणून २०२३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संस्थांनी ते बदलून 'चयापचयाच्या बिघाडाशी निगडित' असे केले. माझ्यासारख्या माणसाला मात्र जुन्या नावातच समाधान होते. निदान न पिण्याची साक्ष तरी त्यात होती!

हा विकार आपल्या देशात विरळा नाही. भारतातील अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढांपैकी सुमारे ३८ टक्क्यांच्या यकृतात मेद आढळल्याचे नमूद आहे. हैद्राबादेत माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांत बसून काम करणाऱ्या ३४५ जणांची तपासणी झाली, तिचा निष्कर्ष २०२५ साली आला: शंभरातील ८४ जणांच्या यकृतात मेद. संगणकासमोरची खुर्ची आणि आपली गादी ह्यांत बसण्याच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. चरकाचार्यांनी प्रमेहाची कारणे सांगताना दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ ह्यांच्या आधी बैठकीचे सुख सांगितले आहे, हे वाचून मी एकदा गादीवरून उठून उभा राहिलो होतो. भारत सरकारने २०२१ साली ह्या यकृतविकाराचा समावेश मधुमेह, हृदयविकार इत्यादींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, तो ह्या साऱ्यांचे मूळ जवळजवळ एक आहे म्हणूनच.

परंतु दोष पेयाचाच कशावरून, एकूण खाण्याचा का नव्हे, असा प्रश्न चिकित्सक वाचक विचारतील. तो योग्य आहे. डेन्मार्कमधील एका प्रयोगात ४७ स्थूल व्यक्तींचे चार गट करून त्यांना सहा महिने रोज एक लिटर पेय दिले: एका गटाला साखरेचा कोला, दुसऱ्याला तेवढ्याच ऊर्जेचे दूध, तिसऱ्याला बिनसाखरेचा कोला, चौथ्याला पाणी. हा प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. साखरेचा कोला पिणाऱ्यांच्या यकृतातील मेद ठळकपणे वाढला; दूध पिणाऱ्यांचा तसा वाढला नाही, जरी दोघांच्या पेयातील ऊर्जा सारखीच होती. उलट दिशेचा प्रयोग २०१९ साली अमेरिकेतून आला, आणि त्याने मला अधिक धीर दिला. यकृतात मेद असलेले ११ ते १६ वर्षांचे ४० मुलगे घेतले. निम्म्यांच्या घरच्या आहारातून आठ आठवडे वरची साखर जवळजवळ काढून टाकली. त्यांच्या यकृतातील मेद सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आला; नेहमीचा आहार घेणाऱ्यांचा २१ वरून २० वर, म्हणजे जागच्या जागी राहिला. आठ आठवडे! आपल्याकडे उधारी वसूल होण्यासही ह्याहून अधिक काळ लागतो.

ह्यापुढची पायरी गंभीर आहे. अमेरिकेतील ५० ते ७९ वयाच्या सुमारे ९९ हजार स्त्रियांचा वीस वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला गेला व तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. रोज एक किंवा अधिक साखरी पेय घेणाऱ्या स्त्रियांमध्ये, महिन्यातून तीन किंवा त्याहून कमी वेळा घेणाऱ्यांच्या तुलनेत, यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण ८५ टक्के अधिक आणि जुनाट यकृतविकाराने येणाऱ्या मृत्यूचे ६८ टक्के अधिक आढळले. अशा पाहणीने संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हे खरे. आणि मूळ धोका लहान असल्याने ह्या आकड्यांनी भयभीत होण्याचेही कारण नाही. साखर हे एकमेव कारण नव्हे. पोटाचा घेर, वाडवडिलांकडून आलेली प्रवृत्ती, तळलेले खाणे, ह्या साऱ्यांचा वाटा आहे. पण बाकीच्या कारणांशी झुंजणे कठीण, आणि बाटली बाजूला सारणे सोपे.

आपल्या घरांत ह्या विषयी तीन-चार गोड गैरसमज आहेत. गूळ घातला की दोष जातो, हा पहिला. गुळात लोहासारखे काही अंश असतील, पण यकृताच्या वहीत गूळ साखरेच्याच पानावर लिहिला जातो. पन्हे आणि कोकम सरबत आपलीच असली तरी त्यांचा पाक कंपनीच्या पाकाहून निराळा नाही. मध आपण वर्ज्यच मानतो, तेव्हा तो वाद आपल्यापुरता मिटलेला आहे. दुसरा समज उसाच्या रसाचा. कावीळ झाली की रस पाजा, हे घरोघरी सांगतात. काविळीत अन्न नकोसे झालेल्या रोग्याला त्यातून थोडी ऊर्जा मिळते, एवढेच त्याचे काम. तो काविळीचे औषध नव्हे, आणि रस्त्यावरच्या बर्फातून व पाण्यातून तीच कावीळ पसरू शकते. मेदाने भरलेल्या यकृताला तर हा रस सरळ भारच होय. भगवान ऋषभदेवांचे पारणे इक्षुरसाने झाले व म्हणून अक्षय्य तृतीयेस त्याचे माहात्म्य आहे, हे कोणी विसरावे असे मी म्हणत नाही. पण ते दीर्घ उपवासानंतरचे पारणे होते, दुपारच्या दोन जेवणांमधला विरंगुळा नव्हे. आपल्या तपांत रसपरित्याग आहे, आणि सोडावयाच्या सहा रसांत गूळ-साखर आहे. आजी पर्युषणात साखर सोडत असे. आम्ही तिला हसत होतो.

करासंबंधी दोन शब्द लिहिले नाहीत, तर व्यापारी स्मरणिकेत लेख अपुरा राहील. २२ सप्टेंबर २०२५ पासून बुडबुड्यांच्या पेयांवर वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला. अधिभार धरता भार पूर्वीही तेवढाच होता. ह्या दरातून बिनसाखरेची बुडबुड्यांची पेयेही सुटत नाहीत. त्याच दिवशी बुडबुडे नसलेल्या फळांच्या रसाच्या पेयांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आंब्याच्या त्या पुडक्यात साखर बहुधा कोलाएवढीच असते. म्हणजे कायद्याने बुडबुडे मोजले; यकृत साखर मोजते. ब्रिटनने २०१८ साली कर लावला तो दर १०० मिलीलिटरमधील साखरेच्या ग्रॅमवर, आणि कर टाळण्यासाठी कारखानदारांनी आपण होऊन साखर उतरविली. माझ्या मते व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तरी हीच रीत अधिक सरळ. आपल्यापैकी अनेकांकडे शीतपेयांची वितरणे आहेत. त्यांनी ती सोडावीत असे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु पुडक्यामागील बारीक अक्षरांत दर १०० मिलीलिटरमागे साखर किती हे लिहिलेले असते. ते वाचून माल घरी न्यावा, एवढे तर ज्याचा माल त्याला करता येण्याजोगे आहे.

तपासणीविषयी थोडे. यकृत दुखत नाही, हीच त्यातील अडचण. रक्तातील एस.जी.पी.टी. ठीक असूनही मेद असू शकतो. हडकुळ्या माणसातही, पोट तेवढे सुटलेले असल्यास, असू शकतो. सोनोग्राफीत मेद दिसल्यास पुढे व्रण साचू लागले आहेत काय हे पाहावयाचे. त्यासाठी वय, रक्तातील दोन यकृत-तपासण्या व प्लेटलेट ह्या चार आकड्यांवरून एक निर्देशांक काढतात, आणि गरज वाटल्यास फायब्रोस्कॅन करतात. वजन शेकडा पाच उतरले तरी मेद कमी होतो. सात ते दहा उतरल्यास दाहही शमू लागतो. बिनसाखरेची कॉफी यकृतास मानवते असे बऱ्याच पाहण्यांत दिसले आहे. ही बातमी आमच्या घरी माझ्या पत्नीने सर्वांत आधी स्वीकारली.

राहिला प्रश्न बस्त्याचा. "अण्णा, गिऱ्हाईक पाण्यावर बसेल का?" असे दुकानातील जुन्या माणसाने विचारले, तेव्हा मलाही धाकधूक होती. आता आल्या-जिऱ्याचे ताक घरून येते, उन्हाळ्यात दोन वेळा; चहा बिनसाखरेचा आणि साखरेची वाटी बाजूला. ज्याला हवी त्याने घालावी. शीतपेटीत चार बाटल्या अजूनही आहेत, कारण मुलांच्या तोंडावर नाही म्हणवत नाही. पहिल्या महिन्यात गोव्याच्या एका वरमायने "शेटजी, यंदा धंदा मंद दिसतो!" असा टोमणा मारला; आणि ताकाचे दोन पेले घेऊन सव्वीस साड्या बांधून नेल्या. वडील मंडळींपैकी दोघांनी मला बाजूला घेऊन आपापल्या सोनोग्राफीचे कागद दाखविले. दोन्हींवर तेच शब्द होते, आणि दोघांनीही ते घरी दाखविले नव्हते. लोक पिण्याचा संशय घेतील म्हणून.

आठ महिन्यांनी त्याच केंद्रात मी पुन्हा गेलो. वजन साडेसहा किलो उतरले होते. डॉक्टर तेच होते. त्यांनी यंत्र फिरविले, जुना कागद शेजारी ठेवला आणि दुसऱ्या प्रतीच्या जागी पहिली प्रत लिहिली. ह्या वेळी त्यांनी पिण्याविषयी काही विचारले नाही. पुढील तपासणी दिवाळीनंतर आहे.